पोटातले पाणी न हलविणारी चाल

एखाद्याचा प्रवास विनासायास आणि सुखाचा झाला, की मराठीत म्हणतात, ‘पोटातले पाणीसुद्धा हलले नाही.’ आज हे वर्णन रुळांवरून धावणाऱ्या आगगाडीला किंवा गुळगुळीत रस्त्यावरील मोटारीला शोभते. परंतु आगगाडी आणि मोटार यांचा जन्म होण्यापूर्वी शेकडो वर्षे असा सुखाचा प्रवास घडविणारे घोडे जगात होते. आणि ते आजही आहेत.

घोड्यावर बसणे ही मोठ्या मौजेची गोष्ट असावी, असे चित्रे पाहून वाटते. प्रत्यक्ष अनुभव निराळा असतो. घोडा पावलापावलाने चालत असतो, तोवर स्वार निश्चिंत असतो. मात्र घोड्याने दुडकी धरली, की स्वाराची परीक्षा सुरू होते. दुडकीत घोडा एका बाजूचा पुढचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकाच वेळी उचलतो आणि एकाच वेळी टेकतो. पायांची एक जोडी उचलली गेली आहे आणि दुसरी अजून टेकलेली नाही, अशा क्षणी घोड्याचे सारे अंग अधांतरी असते. पुढच्याच क्षणी ते खाली येते आणि खोगिरावरचा स्वार आदळतो. दिवसभर असे आदळत गेल्यावर त्याच्या कंबरेची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी! भरधाव दौडीत असे हिसके कमी बसतात. परंतु ती दौड फार वेळ टिकत नाही, कारण घोडा लवकर थकतो.

काही घोड्यांना मात्र जन्मतःच आणखी एक चाल अवगत असते. तिच्यात चारही पाय एकामागून एक, वेगवेगळे पडतात: आधी डावा मागचा, मग डावा पुढचा, नंतर उजवा मागचा आणि उजवा पुढचा. पायांचा क्रम साध्या चालण्याचाच. वेग मात्र धावण्याचा! या चालीत घोड्याचा किमान एक पाय नेहमी जमिनीवर असतो. म्हणून त्याचे अंग उसळत नाही आणि स्वारही आदळत नाही. या चालीला आपल्याकडे ‘रवाल’ असे नाव आहे. राजस्थानातील मारवाडी घोड्यांत ती पाहावयास मिळते. दुडकी आणि रवाल यांतील भेद कानांनाही कळतो. बाकावर दोन बोटे एकदम आपटली, क्षणभर थांबून दुसरी दोन आपटली, तर दुडकीचा ‘टप् – टप्’ असा आवाज येतो. तीच चार बोटे न थांबता एकामागून एक वाजविली, तर रवालीचा अखंड ‘टपटप टपटप’ असा ताल उमटतो.

मध्ययुगीन युरोपात अशा घोड्यांना मोठा मान होता. यात्रेकरू, व्यापारी, वृद्ध मंडळी आणि स्त्रिया लांबच्या प्रवासाला हाच घोडा पसंत करीत. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी जेफ्री चॉसर याने ‘कँटरबरी कथां’मध्ये यात्रेला निघालेल्या एका स्त्रीला अशाच घोड्यावर बसविले आहे. पुढे सतराव्या शतकापासून रस्ते सुधारले आणि घोडागाड्या वाढल्या. गाडीत बसणाऱ्याला घोड्याच्या पाठीशी कर्तव्य उरले नाही. गाडी ओढण्यास दुडकीचा घोडा चांगला आणि शर्यतीस दौडीचा घोडा चांगला. मग रवाल चालीची गरज कोणाला? युरोपच्या बहुतेक भागांतून हे घोडे हळूहळू दिसेनासे झाले. जेथे चाकांचा रस्ता लवकर पोहोचला नाही, तेथेच ते टिकले.

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड हे बेट अशा ठिकाणांपैकी एक होय. ज्वालामुखीच्या लाव्हारसाने बनलेली खडबडीत भूमी, बर्फाचे डोंगर आणि बर्फ वितळून फुगलेल्या नद्या, असे या बेटाचे रूप आहे. नवव्या व दहाव्या शतकांत येथे वस्तीस आलेल्या नॉर्स लोकांनी आपल्या गलबतांतून घोडे आणले. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. हा घोडा ठेंगणा. खांद्यापाशी उंची साधारणपणे साडेचार फुटांच्या आसपास. परंतु अंगाने तो चिवट असतो, आणि हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट केसांची जणू घोंगडीच चढते. त्याच्या रवाल चालीला तेथे ‘टोल्ट’ म्हणतात. काठोकाठ भरलेला पेला हातात धरून, तो न सांडता टोल्ट चालीने घोडा पळविण्याच्या स्पर्धा तेथे होतात. जिंकणाऱ्याच्या पेल्यातले पाणीही हलत नाही, मग पोटातले कोठून हलणार?

या ठेव्याचे रक्षण आइसलँडच्या लोकांनी कसोशीने केले आहे. बाहेरचा घोडा बेटावर आणू नये, असा निर्बंध तेथील आल्थिंग नावाच्या लोकसभेने इ. स. ९८२ मध्ये घातला, असे सांगतात. आजही ही बंदी पाळली जाते. घोड्यांचे परदेशी रोग बेटावर शिरू नयेत, हा तिचा हेतू. परदेशात वापरलेले खोगीर व लगामही तेथे आणता येत नाहीत. इतकेच नव्हे, तर आइसलँडचा जो घोडा एकदा बेट सोडून गेला, त्याला पुन्हा मायभूमीवर पाय ठेवता येत नाही. जागतिक स्पर्धेला नेलेला घोडा जिंकला, तरी स्वार एकटाच घरी परततो. ज्याने विजय मिळवून दिला, त्याचा निरोप कायमचा घ्यावा लागतो. सर्व घोड्यांच्या हितासाठी आपल्या लाडक्या घोड्याचा वियोग तेथील लोक सोसतात.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने हीच चाल निराळ्या तऱ्हेने जोपासली. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तेथे घोडे नेले. किनाऱ्यालगतच्या ऊस-कापसाच्या विस्तीर्ण मळ्यांवर देखरेख करणाऱ्यांना दिवसभर घोड्यावर बसून फिरावे लागे. त्यांनी सुखाची चाल असलेलेच घोडे पिढ्यान्‌पिढ्या निवडले, आणि त्यांतून ‘पासो’ ही जात तयार झाली. पासो म्हणजे पाऊल. चालताना हा घोडा पुढचे पाय खांद्यापासून किंचित बाहेर वळवून टाकतो; एखादा पोहणारा पाण्यात हात मारीत आहे, असे वाटते. १९९२ मध्ये पेरू सरकारने कायद्याने ही जात आपल्या देशाची म्हणून घोषित केली.

ही चाल जनावराला कोण शिकविते? कोणीही नाही. लहानसे शिंगरू आईच्या मागे धावतानाच ती चालू लागते. स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह याचे कारण शोधून २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. कोणते पाय केव्हा हलवावयाचे, हे ठरविणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असते. त्या जाळ्याच्या घडणीवर ‘डीएमआरटी-३’ हे जनुक परिणाम करते. या घोड्यांत त्या जनुकातील एकच अक्षर बदललेले आढळते. एका अक्षराच्या फरकाने घोड्याची चाल बदलावी, हा निसर्गाचा केवढा चमत्कार!

परंतु निसर्गाच्या देणगीवर समाधान मानणे सर्वांनाच साधत नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ‘वॉकिंग हॉर्स’ हा मळ्यांत वावरणारा असाच गुणी घोडा. तालात मान डोलावीत तो लांब लांब पावले टाकतो आणि त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडतो. विसाव्या शतकात त्याच्या चालीची प्रदर्शने भरू लागली. पुढचे पाय जितके उंच उचलले जातील, तितके पारितोषिक जवळ आले, अशी समजूत रूढ झाली. मग काही लोभी माणसांनी घोड्याच्या पायांना दाहक औषधे चोळली आणि वर साखळ्या अडकविल्या. पाय टेकताच आग होई, म्हणून ते मुके जनावर पाय उंच उचली. आणि प्रेक्षक टाळ्या वाजवीत! हे क्रौर्य थांबविण्यासाठी अमेरिकेने १९७० मध्ये कायदा केला. तरीही हा प्रकार पुरता नाहीसा झालेला नाही.

गुण तोच, एकीकडे त्याच्या रक्षणासाठी माणूस वियोग सोसतो, दुसरीकडे त्याच्या प्रदर्शनासाठी माणूस त्याच घोड्याला वेदना देतो. ज्या प्राण्याने शतकानुशतके माणसाच्या अंगाला हिसका बसू दिला नाही, त्याच्या पायाला माणसामुळे चटका बसू नये, एवढी जाणीव तरी माणसाने बाळगली पाहिजे.