खळ खाणारी बुरशी

भिवंडीत मागावर चढण्याआधी सुती धाग्याला खळ लागते. सायझिंगमध्ये ताण्याचे धागे स्टार्चच्या गरम खळीतून जातात, वाळतात आणि बीमवर गुंडाळले जातात. खळ नसेल तर मागाच्या घर्षणाने धागा तुटत राहतो. कापड विणून झाले की मात्र हीच खळ नकोशी होते, कारण ती राहिली तर पाणी मुरत नाही आणि रंग डागाडागाने चढतो. आम्लाने खळ निघते, पण आम्ल स्टार्चवर थांबत नाही, कापसालाही झिजवते. अमायलेज हे एन्झाइम स्टार्चची साखळी तेवढी तोडते, कापसातल्या सेल्युलोजला हात लावत नाही. काम झाले की नाही हे आयोडीनचा थेंब सांगतो: डाग निळा पडला तर खळ शिल्लक आहे.

हे एन्झाइम सूक्ष्मजीव स्वतःच्या भुकेसाठी बनवतात. स्टार्चचा रेणू इतका मोठा असतो की तो पेशीत शिरत नाही. मग बुरशी एन्झाइम बाहेर सोडते आणि अन्नाचे बाहेरच तुकडे करून ते आत ओढून घेते. बाहेर सोडलेले एन्झाइम पाण्याने धुऊन काढता येते. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी जपानात तांदळावर वाढवतात ती कोजीची बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली आणि तिच्यापासून हे एन्झाइम मिळवण्याचे १८९४ साली अमेरिकेत पेटंट घेतले. त्या बुरशीची भावंडे आज पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीव-संग्रहात जपलेली आहेत. भिवंडीशेजारच्या ठाण्यात ‘ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज’चे मुख्यालय आहे, तर सिन्नरला तिचा कारखाना.

या साऱ्यात सर्वांत लोभस वस्तू म्हणजे ही बुरशी ज्यात वाढवतात तो कोंड्याचा ट्रे.

कोंडा ओला करायचा, वजनात निम्म्याच्या आसपास पाणी, पण थेंब गळता कामा नये. वाफेने निर्जंतुक करून गार झाला की त्यात बीजाणू मिसळायचे आणि पातळ थर पसरायचा. तीसएक अंशांच्या दमट हवेत बुरशीचे पांढरे जाळे कोंड्यात विणले जाते. मग ट्रे तापू लागतो. वाढती बुरशी उष्णता सोडते आणि कोंडा ती वाहून नेत नाही. थराच्या मधोमध ती अडकून पडते. तापमान चाळिशीपलीकडे चढत गेले की बुरशी स्वतःच्याच उबेत मरू लागते. कोरडी गार हवा जोरात सोडावी तर कोंडा वाळतो. पाणी शिंपडावे तर गोळे होतात आणि आत हवा पोचत नाही. त्यामुळे थर काही सेंटिमीटरचाच ठेवावा लागतो. उत्पादन दुप्पट हवे असेल तर ट्रे, जागा आणि हात, सारेच दुप्पट लागतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सीएफटीआरआय) कोंड्यावरच्या या घन किण्वनावर अनेक वर्षे खपून काम केले, तरी ही उष्णता आजही अडून बसलेली आहे. द्रवाने भरलेल्या टाकीत ती थंड पाण्याच्या नळ्यांनी सहज ओढून घेता येते, म्हणून कापडासाठीचे बहुतेक अमायलेज आज टाक्यांत, जिवाणूंकडून बनते.

शिवाय कोंडा हा फुकटचा टाकाऊ माल वाटतो, पण तो कुठे वाया जातो? तो पोत्याने विकत घ्यावा लागतो, कारण तबेल्यातल्या म्हशींनाही तोच हवा असतो. शेतात खरोखर उरतो तो भाताचा पेंढा, आणि त्यात स्टार्च जवळजवळ नसतेच. सेल्युलोजभोवती लिग्निनचे कवच असते, वर वाळूसारखी सिलिका. हे कवच वाफेने किंवा रसायनाने आधी फोडावे लागते. मग ट्रायकोडर्मा रीसीआय ही बुरशी कामाला येते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या सुती साहित्याची नासाडी करताना ती सापडली होती. तिची सेल्युलेज एन्झाइमे पेंढ्याची साखर करतात, पण टनावारी पेंढ्याला एन्झाइमही भरपूर लागते आणि खर्च तिथेच चढतो. पानिपतला इंडियन ऑइलच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे, अपेक्षा वर्षाला दोन लाख टन पेंढ्याची. एवढा पेंढा कापणीनंतरच्या थोड्या आठवड्यांत गोळा करून वर्षभर कोरडा ठेवणे हेच मोठे काम आहे.

भिवंडीपुरती चिंता आणखी वेगळी आहे. एन्झाइमने तोडलेली खळ नाहीशी होत नाही. साखर होऊन सांडपाण्यात उतरते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाते. त्यात शहराचे बरेचसे माग आता पॉलिएस्टर आणि मिश्र सुतावर चालतात. त्या धाग्याला स्टार्चची खळ नीट धरत नाही, म्हणून पीव्हीएसारखी (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) कृत्रिम खळ लावली जाते, आणि तिच्यापुढे अमायलेजचे काही चालत नाही. पीव्हीए पचवणारे जिवाणू जपानी संशोधकांना १९७०च्या दशकातच सापडले आहेत. पण कापड धुऊन रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये अमायलेजसारखे रुळलेले, स्वस्त एन्झाइम त्यांच्यापासून अजून तयार झालेले नाही.