गोदाकाठच्या विहिरीतील नायट्रेट

नदीकाठचे भूजल आणि आर्सेनिक यांची सांगड भारतात लोकांच्या मनात बसली ती १९८३ नंतर, म्हणजे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ क्षितीशचंद्र साहा यांनी पश्चिम बंगालमधील खेडुतांच्या तळहातांवरील खरखरीत गाठींचा संबंध कूपनलिकेच्या पाण्याशी जोडल्यानंतर. हिमालयातून वाहून आलेल्या कोवळ्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचे पातळ लेप असतात व आर्सेनिक त्या लेपांना चिकटून राहते. गाळात गाडलेला पालापाचोळा कुजताना प्राणवायू संपला की जिवाणू त्या लोहावर गुजराण करतात, लेप विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात सुटे होते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठी वसलेल्या परभणी जिल्ह्याला हे चित्र जसेच्या तसे लावता येत नाही. येथील भूस्तर मुख्यत्वे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा असून नदीचा गाळ काठाकाठाने पट्ट्यापट्ट्यांतच सापडतो. बंगालसारखा शेकडो मीटर जाडीचा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला थर येथे नाही. मात्र कठीण खडक आहे म्हणून आर्सेनिक नाही, असाही नियम करता येत नाही, कारण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरात, कौडीकसा येथे, वेगळ्या जातीच्या ज्वालामुखी खडकांतून ते पाण्यात उतरलेले आहे.

परभणीच्या पाण्यात शोधायचे ते मुख्यतः नायट्रेट. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालानुसार महाराष्ट्रातील सुमारे ३६ टक्के नमुन्यांत त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले, आणि देशातील सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांच्या यादीत परभणीला लागून असलेले नांदेड आणि बीड हे दोन्ही जिल्हे आहेत. मधल्या जिल्ह्याने निश्चिंत राहावे असे त्यात काहीच नाही.

येथील विहीर खणताना वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग फटी पडलेला पाषाण लागतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि मृगाचे पहिले पाणी या भेगांतून थेट खाली उतरते. युरियातील नत्राचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो व चिकणमातीच्या कणांवरही तोच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. ते सगळे नायट्रेट होऊन पाण्यात गेले, तर सुमारे २० लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेला टेकवण्यास पुरेल. प्रत्यक्षात बरेचसे नत्र पीक घेते, काही हवेत जाते, परंतु हळद, ऊस आणि कापूस यांच्या पट्ट्यात उरलेला अंशही थोडा नसतो. दोष एकट्या खताचा मानणे मात्र अन्यायाचे आहे, कारण विहिरीच्या वरच्या अंगाला असलेला उकिरडा, गोठ्यातील मूत्र आणि संडासाचे शोषखड्डे हेही त्याच भेगांतून पाझरतात.

नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी विहिरीचे पाणी घालून केलेले दूध पिणारी तान्ही मुले निळी पडत असल्याचे दाखवून दिले. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला त्याचा धोका सर्वाधिक असतो. पाणी उकळण्याचा रास्त सल्ला घरोघर दिला जातो, पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याची तीव्रता वाढते, आणि तुरटी किंवा क्लोरीन यांचाही उपयोग होत नाही.

आर्सेनिकचे मूळ निसर्गात आहे. येथील नायट्रेट मात्र बव्हंशी गावातून आणि शेतातून येते, म्हणून ते कमी करणेही गावाच्याच हाती आहे. खताची मात्रा माती परीक्षणानुसार विभागून द्यावी, उकिरडा व शोषखड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा, आणि ग्रामपंचायतीने पाण्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा करून घेऊन आकडा विहिरीवर लिहावा; तो ४५ च्या वर असेल तर तान्ह्या बाळासाठी ते पाणी वापरू नये.