४५ सेकंदांची पूर्वतयारी

जलद संकलन, म्हणजे अगदी छोटे चित्रतुकडे लागोपाठ जोडून दृश्याला वेग आणण्याची पद्धत, ही संकलकाच्या टेबलावरची करामत समजली जात असली, तरी तो वेग बहुतांशी चित्रीकरणाआधी कागदावरच ठरतो. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’ या चित्रपटातील स्नानगृहातल्या खुनाचे दृश्य बारकाईने पाहिले, की हे पटते.

पडद्यावरच्या ४५ सेकंदांसाठी ७ दिवस चित्रीकरण चालले आणि कॅमेऱ्याच्या ७० मांडण्या कराव्या लागल्या, असे हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना मुलाखतीत सांगितले होते. मांडणी म्हणजे कॅमेऱ्याची जागा, भिंग आणि प्रकाश यांची एका शॉटपुरती केलेली जुळणी. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने ४५ सेकंदांच्या १०८० चौकटी होतात आणि एकेका मांडणीच्या वाट्याला सरासरी जेमतेम १५ येतात. एवढ्या अवधीत डोळ्याला एकच गोष्ट टिपता येते, आणि म्हणूनच उगारलेला सुरा, किंचाळणारे तोंड, पाण्यात मिसळणारे रक्त यांना येथे स्वतंत्र शॉट मिळाले आहेत. सॉल बास यांनी या दृश्याचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटांचा क्रम दाखवणारी रेखाचित्रे, आधीच तयार केला होता.

क्षणभर दिसणाऱ्या शॉटमागेही केवढा विचार असतो, हे शॉवरच्या शॉटवरून कळते. धारा थेट प्रेक्षकाच्या अंगावर येताना दाखवायच्या, तर भिंग भिजणार. म्हणून शॉवरची मधली छिद्रे बुजवून, लांब पल्ल्याचे भिंग लावलेला कॅमेरा मागे नेला गेला, आणि कडेच्या छिद्रांतील पाणी भिंगाला न लागता बाजूने निघून गेले.

या घाईच्या अलीकडे पडद्याआडून संथपणे जवळ येणारी आकृती आहे आणि पलीकडे भिंतीवरून सावकाश घसरणारा हात. हा संथपणा नसता, तर मधले तुकडे नुसता गोंधळ ठरले असते. लघुपटांत ही बाजू फार दुर्लक्षित राहते. तेथे एकच क्रिया चार कोनांतून सलग टिपून वेग संकलनावर सोपवला जातो, पण शॉट-यादीत प्रत्येक शॉटच्या अपेक्षित लांबीबरोबर चौकटीत नजर कोठे असेल याचीही नोंद हवी, कारण एका शॉटमध्ये नजर डाव्या कोपऱ्यात खिळलेली असताना पुढच्या शॉटमधला चेहरा उजव्या कडेला आला, तर पंधरातल्या पाच-सहा चौकटी तो शोधण्यातच खर्ची पडतात.