डोळ्याची खोबण आणि तिचे शेजारी

आपला डोळा सात हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. तिची नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ. पलीकडे हाडांतील पोकळ्या. सर्दी चिघळून तेथे पू झाला, तर मुलांत तो दोष कधी कधी ही भिंत ओलांडतो. नुसती पापणी सुजली, तर भय थोडे. औषध मात्र हवेच. पण डोळा पुढे आला, फिरविताना दुखू लागला किंवा दृष्टी मंदावली, तर रोग खोबणीत शिरला असे समजावे. मग शेक-अंजनात एक दिवसही दवडू नये. रुग्णालयात सीटी स्कॅन काढून शिरेतून प्रतिजैविके देतात. गरज पडल्यास साचलेला पू शस्त्रक्रियेने काढतात. २०२१ साली कोरोनापाठोपाठ महाराष्ट्रात आढळलेली काळी बुरशीही नाकातूनच डोळ्याकडे सरकत होती. म्हणून डोळा सुजला, की चौकशी शेजाऱ्याचीही करावी!