कपडे कोण वाळवतो – उष्णता की वारा?

जुलै महिना. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असेल. बाहेर संततधार लागलेली आहे, घरातल्या दोरीवर शाळेचा गणवेश परवापासून लोंबतो आहे आणि हात लावून पाहावा तर अजून दमटच! मग आई तो पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरते आणि काही वेळाने तो अंगात घालण्याजोगा होतो. पंख्याने गणवेश तापवला का? नाही. पंख्याचा वारा खोलीतल्या हवेपेक्षा गरम नसतो. मग त्याने केले तरी काय?

हा प्रश्न मनात ठेवा. आपण ज्या यंत्राची माहिती घेणार आहोत, त्याचे सारे मर्म याच प्रश्नात आहे.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. तिकडे हिवाळ्यात बाहेर वाळत घातलेले कपडे गोठून पापडासारखे ताठ होतात. शिवाय काही वसाहतींच्या नियमांप्रमाणे अंगणात दोरी बांधायलाच बंदी असते. त्यामुळे बहुतेक घरांत कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी कपडे वाळवण्याचे यंत्र, म्हणजे ड्रायर असतो. मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा ती म्हणाली, "मामा, ह्या ड्रायरला झालंय तरी काय? पूर्वी पाऊण तासात कपडे वाळायचे. आता दोनदा लावला तरी ओलेच!" दार उघडून पाहिले तर आत चांगलेच गरम होते. उष्णता होती, पण कपडे वाळत नव्हते.

पुढे जाण्याआधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे दोन टाक्यांच्या धुलाई यंत्रातल्या दुसऱ्या टाकीलाही 'ड्रायर' म्हणतात. ती टाकी कपडे फक्त गरगर फिरवते. ओली छत्री फिरवली की थेंब उडतात, तसे त्यातले पाणी बाहेर फेकले जाते. कपडे पिळून निघतात, वाळत नाहीत. अमेरिकेतला ड्रायर याच्या पुढचे काम करतो. त्यात एक मोठे पिंप आडवे, सावकाश फिरत असते. कपडे वर जातात आणि खाली पडतात. विजेच्या तारेवरून किंवा गॅसच्या ज्योतीवरून आलेली गरम हवा त्यांच्यामधून जाते आणि एक पंखा ती ओढून, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या धातूच्या नळीतून, भिंतीपलीकडे बाहेर सोडतो. नळीच्या बाहेरच्या तोंडाशी एक हलकी झडप असते. हवा आली की ती उघडते, थांबली की मिटते.

आता थोडे गणित करू. धुऊन पिळलेल्या एका घाण्यात समजा २ लिटर पाणी उरले आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला कोमट तापमानाला सुमारे ५७० कॅलरी उष्णता लागते. हीच ती बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. २,००० ग्रॅमना ११ लाख ४० हजार कॅलरी लागतील, म्हणजे जवळजवळ १.३ युनिट वीज. तेवढेच पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नुसते तापवायला याच्या सातव्या हिश्श्याइतकीच उष्णता पुरते! म्हणून विजेच्या ड्रायरची तार चांगली ५ किलोवॉटच्या आसपास असते, म्हणजे १,००० वॉटच्या पाच इस्त्र्या एकदम लावल्यासारखे.

पण उष्णता दिली म्हणून काम संपत नाही. झालेली वाफ जाणार कुठे? हवेच्या अंगात वाफ सामावून घेण्याची एक मर्यादा असते. २० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना ५१ ग्रॅम. बाहेरून घेतलेल्या हवेत ९ ग्रॅम आधीच होती असे धरा. मग तिला ४० अंशांपर्यंत तापवल्यावर प्रत्येक घनमीटर फार तर ४२ ग्रॅम पाणी उचलील. २,००० ग्रॅम उचलायला किती हवा लागेल? सुमारे ४८ घनमीटर. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक अख्खी खोली भरून हवा! प्रत्यक्षात हवा इतकी काठोकाठ भरत नाही, म्हणून याच्या दुपटी-तिपटीने हवा खेळवावी लागते. घरगुती ड्रायरचा पंखा मिनिटाला साधारण ३ ते ५ घनमीटर हवा बाहेर टाकतो, तो याचसाठी.

पंख्याखालच्या गणवेशाचे कोडेही आता सुटले. कापडाला चिकटून असलेली, वाफेने भरलेली हवा पंखा दूर सारत होता आणि तिच्या जागी रिकामी हवा आणत होता. उष्णता पाण्याची वाफ करते. वारा ती घेऊन जातो. दोघांपैकी एक थांबला की काम अडले.

भाचीच्या ड्रायरमध्ये नेमका वारा थांबला होता. अपराधी कोण? शर्टाचा खिसा उलटा करून पाहा. तळाच्या शिवणीत करड्या रंगाचे मऊ गोळे सापडतील. कापडाचे झिजून तुटलेले बारीक तंतू ते हेच. तिकडे त्यांना लिंट म्हणतात. ड्रायरमध्ये कपडे आपटतात, एकमेकांवर घासतात आणि वाऱ्याबरोबर असे तंतू ढिगाने सुटतात. त्यांना अडवण्यासाठी एक जाळी असते. ती प्रत्येक घाण्यानंतर काढून साफ करायची असते. पण अगदी बारीक तंतू जाळीतूनही निसटतात आणि नळीत जातात. तिथे थंड पत्र्यावर वाफेचे पाणी होते आणि त्या ओलीवर तंतू चिकटतात. खडबडीत झालेल्या थरावर पुढचे तंतू आणखी लवकर अडकतात. १० सेंटिमीटरच्या नळीत सगळीकडून फक्त १ सेंटिमीटरचा थर बसला, तर किती वाट उरते? वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून तुम्हीच पाहा. १०० पैकी ६४ भाग! शिवाय प्रत्येक वळणावर हवेचा जोर खर्चतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या एका प्रमुख नियमावलीत म्हणूनच या नळीची लांबी सर्वसाधारणपणे ३५ फुटांपर्यंत मर्यादित केली आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातून ५ फूट वजा करायला सांगितले आहे.

ओले कपडे, मग आग

आता दुष्टचक्र पाहा. हवा कमी आली की तारेवरून जाणारी थोडीशी हवा जास्तच तापते. तापनियंत्रक तारेचा प्रवाह तोडतो, थोड्या वेळाने जोडतो, पुन्हा तोडतो. आतली हवा वाफेने भरलेली, म्हणून कपडे ओलेच. घरातले लोक यंत्र पुन्हा लावतात. कपडे आणखी घासतात, आणखी तंतू सुटतात, नळी आणखी भरते. वीज जाते, कपडे विरतात, इथपर्यंत नुकसान पैशांचेच. पण लिंट म्हणजे बहुतांशी कापूस. लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही, त्याचाच भुसभुशीत कीस मात्र चटकन पेटतो, कारण त्याच्या कणाकणाला हवा भिडलेली असते. लिंटचे तसेच आहे. यंत्राच्या पोटात तारेजवळ साठलेला पुंजका पेटला, तर ठिणगी लिंटने भरलेल्या नळीत ओढली जाते, आणि वर पंखा वारा घालायला आहेच!

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा, की तिथे ड्रायरमुळे निवासी इमारतींत वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या. त्यांत सरासरी ५ माणसे दगावत आणि १०० जखमी होत. कारणांत पहिला क्रमांक साफसफाई न करण्याचा, १०० पैकी ३४. गॅसवरच्या ड्रायरला आणखी एक धोका असतो. ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड याच नळीने बाहेर जातो. नळी तुंबली की हा रंग-वास नसलेला विषारी वायू घरात पसरू शकतो.

भाचीचा ड्रायर विजेवरचा होता. आम्ही आधी भिंतीतला प्लग काढला. त्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. (गॅसचा असता तर जाणकाराला बोलावले असते, आणि तुमच्यासारख्यांनी तर विजेच्याही यंत्राशी एकट्याने खटाटोप करू नये.) यंत्र पुढे ओढले. मागची नळी पन्हाळीसारख्या चुण्या असलेल्या पातळ वर्खाची होती आणि भिंतीशी दाबून चपटी झालेली. चुण्या म्हणजे तंतूंना बसायला आयत्या पायऱ्याच. लांब लवचीक दांड्याचा गोल ब्रश आतून, मग बाहेरून फिरवला. जवळजवळ बादलीभर करडा थर निघाला! जाळीही धुतली. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी कागदांचा मेणचट थर तिच्यावर बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही. नळाखाली धरल्यावर पाणी जाळीवर तुंबले, तेव्हा तो कळला.

नवी नळी गुळगुळीत, ताठ पत्र्याची आणली. सांधे धातूच्या चिकटपट्टीने जोडले. आतवर टोक घुसणारे स्क्रू लावले नाहीत, कारण त्या टोकांवर तंतू अडकतात. झडपेबाहेर कोणीतरी पक्षी येऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकली होती. ती लिंटने गच्च भरलेली पाहून भाची चकित झाली. हेतू चांगला, पण वाट बंद! ती जाळी काढून टाकली.

मग प्लग जोडून यंत्र सुरू केले आणि बाहेर अंगणात जाऊन उभे राहिलो. कडाक्याची थंडी होती. झडप आधी जेमतेम थरथरत असे, ती आता सरळ आडवी उचलली गेली आणि तिच्याखालून पांढऱ्या वाफेचा झोत निघाला. कपडे चाळीस मिनिटांत वाळले. वर्षातून एकदा ब्रश फिरवायचा आणि अधूनमधून बाहेर जाऊन झडप पाहायची, असे भाचीने ड्रायरवरच एका कागदावर लिहून चिकटवले आहे.