शपथ आणि खिडकी

माझी आत्या वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. एकदा चुलीवरची भाकरी उलटताना तिच्या करंगळीला चांगलाच चटका बसला, पण तो तिला कळलाच नाही. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा ती घाबरली. कोपराखाली एक फिकट चट्टा होता, तिथे सुई टोचली तरी समजत नव्हते. मग लांब बाह्यांची पोलकी शिवून तिने तो वर्षभर लपवला.

मधे ती दवाखान्यात गेली होती. पण आतली खोली गळत होती आणि खोक्यांनी भरलेली होती, म्हणून तपासणी व्हरांड्यातल्या बाकावर चाले, रांगेतल्या चार बायांच्या देखत. आत्याने डोके दुखते म्हणून सांगितले आणि गोळ्या घेऊन ती घरी परतली!

हे वर्ध्यात घडावे, याचे मला विशेष वाईट वाटले. या जिल्ह्यात १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली. १९३९ साली परचुरेशास्त्री हा रोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. पुढे १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यातच उभे राहिले.

त्या काळी या रोगावर आजच्यासारखी औषधे नव्हती. आज ती आहेत, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतले की माणूस बरा होतो. पण हा जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो, आणि उशीर झाला तर बरे झाल्यावरही बोटे वाकलेली राहतात. म्हणजे सारी मदार लवकर ओळखण्यावर. चट्टा दिसायला चांगला उजेड हवा, आणि रोग्याने अंगावरचा कपडा बाजूला करायला आडोसा हवा. एक खिडकी आणि एक दार, एवढेच!

अखेर आत्याला मी शहरात नेऊन दाखवले. वर्षभर औषध घेऊन ती बरी झाली. करंगळी मात्र वाकडीच राहिली.

गांधीजींचा स्मृतिदिन, ३० जानेवारी, आपल्याकडे कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतात. २०१७ सालापासून त्या निमित्ताने गावोगावी ग्रामसभांत जिल्हाधिकाऱ्यांचा संदेश वाचला जातो आणि रोग्यांना दूर लोटणार नाही अशी शपथ होते. गांधीजी गेले ते साल १९४८. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पंचविसाव्या कलमात वैद्यकीय मदतीचाही उल्लेख आहे. पण जाहीरनाम्यातला हक्क गावापर्यंत पोचतो तो ग्रामपंचायतीच्या ठरावातून, आणि ठरावाला पैसा लागतो.

२०१९ सालच्या सभेला मी आत्याबरोबर गेले होते. शपथ झाली. सगळे उठू लागले, तोच आत्या उभी राहिली. वाकडी करंगळी तिने पदराखाली घेतली नाही.

"शपथ घेतली ना बाप्पा," ती म्हणाली, "पण तपासाले दार असलेली एक खोली पायजे. मी तिथूनच परत आली होती."

सभा गप्प झाली. कोणी म्हणाले, दवाखाना जिल्हा परिषदेचा, आपला काय संबंध? त्यावर गावच्या म्हाताऱ्या मास्तरांनी विचारले, "आणि रोगी कोणाचे?"

त्या दिवशी दोन ठराव झाले: खोलीच्या दुरुस्तीची मागणी जिल्हा परिषदेकडे करायची, आणि पडदा, दिवा, बाक यांचा खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालायचा. सह्या लगेच झाल्या. छप्पर दुरुस्त व्हायला मात्र दुसरा पावसाळा उजाडला.

दिवाळीत आपल्या गावी जाल, तेव्हा फराळाचे ताट देवघेव करता करता एकदा दवाखान्यावरूनही चक्कर मारा. तपासणीच्या खोलीला दार आहे का, आणि खिडकीतून उजेड येतो का, एवढे पाहा. माझी आत्या आता संशयित चट्टा असलेल्या बायांना स्वतः तिथे घेऊन जाते. त्यांना आत पाठवण्याआधी ती दाराची कडी नीट बसते की नाही, हे हाताने लावून पाहते.