वाड्याच्या फोटोवर लोकेशन ठेवा, अस्वलाच्या फोटोवरून काढा!

फोनमध्ये आपण एक फोटो काढतो तेव्हा त्या फाइलमध्ये दोन गोष्टी सेव्ह होतात. एक म्हणजे चित्र, जे आपल्याला स्क्रीनवर दिसतं. दुसरी म्हणजे त्या चित्रामागची माहिती: फोटो कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या फोनने काढला आणि कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू असेल तर नेमका कुठे उभं राहून काढला. या माहितीला एक्झिफ डेटा म्हणतात.

बुलढाणा जिल्ह्यात फिरताना मी प्रामुख्याने तीन प्रकारचे फोटो काढतो. जुनी घरं आणि वाडे, लोणारसारख्या जागा, आणि जंगलातले प्राणी-पक्षी. तिन्हीसाठी फोन एकच, कॅमेरा एकच. पण या माहितीचं काय करायचं, याचा नियम तिन्हींसाठी एक नाही. वाड्याच्या फोटोतून लोकेशन गेलं तर फोटोची किंमत कमी होते. अस्वलाच्या फोटोत लोकेशन राहिलं तर अस्वलाला धोका होतो. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊया.

ही माहिती दिसते कुठे?

गूगल फोटोज ॲपमध्ये कोणताही फोटो उघडा आणि वर स्वाइप करा. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, फाइलची साइझ आणि लोकेशन असेल तर नकाशा दिसेल. आयफोनमध्येही फोटो उघडून वर स्वाइप केलं की हेच दिसतं.

लोकेशन हे दोन आकड्यांमध्ये साठवलं जातं, अक्षांश आणि रेखांश. उदाहरणार्थ लोणार सरोवर साधारण १९.९७ आणि ७६.५० या आकड्यांपाशी येतं. यात गंमत आहे ती दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांची. अक्षांशाचे दोनच आकडे लिहिले तर जागा सुमारे १.१ किलोमीटरच्या अंदाजाने कळते. चार लिहिले तर सुमारे ११ मीटर. आपला फोन याहूनही जास्त आकडे लिहितो. म्हणजे ‘गावाजवळ’ नाही, तर ‘या झाडाखाली’ एवढं नेमकं सांगतो.

जुनी घरं: इथे पत्ता हवाच

सिंदखेड राजा आपल्याला जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून माहीत आहे. लखुजी जाधवरावांचा राजवाडा, त्यांची समाधी, मोती तलाव, पुतळा बारव यांचे फोटो इंटरनेटवर भरपूर सापडतात. पण मेहकर, देऊळगाव राजा किंवा आपल्या साध्या गावातल्या वाड्यांचं काय? धाब्याची घरं, सागवानी खांबांची ओसरी, भिंतीतली देवळी, धान्याचं बळद, पांढऱ्या मातीची गढी यातलं बरंच काही दर पावसाळ्यात थोडं थोडं खचतं. कुठे माती खणून नेली जाते, कुठे वाटणी होऊन नवीन स्लॅब पडतो. अशा घराचा कुठेच नकाशा नसतो. तुमचा फोटो हीच कधीकधी एकमेव नोंद असते.

मग तो फोटो उद्या कुणाच्या कामाला यावा यासाठी काय करायचं?

१. कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू ठेवा. कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन टॅग’ किंवा ‘सेव्ह लोकेशन’ असा पर्याय असतो. दहा वर्षांनी ‘कुठला तरी जुना वाडा’ आणि ‘अमुक गावातला, अमुक गल्लीतला वाडा’ यात फार फरक पडतो.

२. माप दिसेल असं काहीतरी ठेवा. २०२४ च्या जूनमध्ये सिंदखेड राजाला लखुजी जाधवरावांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व विभागाच्या खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. बातम्यांमध्ये मूर्तीचं मापही आलं होतं, लांबी १.७० मीटर आणि उंची १ मीटर. माप नसतं तर नुसत्या फोटोवरून ती हातभर आहे की पुरुषभर, हे सांगता आलं नसतं. आपल्याकडे मोजपट्टी नसली तरी चालेल. कोरीव कामाजवळ दहा रुपयांचं नाणं धरा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. दरवाज्याजवळ ए-फोर कागद लावा, तो २९७ बाय २१० मिलिमीटर असतो. पुढे कुणीही हिशोब करू शकतो.

३. फोन सरळ धरा. उंच दरवाजा फ्रेममध्ये बसवायला आपण फोन मागे कलवतो आणि खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसतात. ग्रिड सुरू करा, उभ्या रेषा खांबाशी जुळवा आणि जागा असेल तर चार पावलं मागे जा. ०.५ एक्सची वाइड लेन्स कडेच्या वस्तू ताणते, त्यामुळे नोंदीसाठी १ एक्सच बरी.

४. कोरीव कामासाठी सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन निवडा. दुपारी नक्षी सपाट दिसते. तिरप्या उजेडात प्रत्येक खाचेची सावली पडते आणि नक्षी उठून येते.

५. विजेच्या तारा इरेजरने पुसू नका. पुसायच्याच असतील तर कॉपी करून त्यात पुसा, मूळ फोटो तसाच ठेवा. तार कधी आली, पत्रे कधी बसले, हीसुद्धा घराची माहितीच आहे.

आणि हो, घरात कुणी राहत असेल तर आधी विचारा. ‘काका, वाड्याचा फोटो काढू का?’ एवढं पुरतं. बऱ्याचदा तेच आत बोलावून कुठला खण कधी बांधला ते सांगतात. ते सगळं व्हॉइस रेकॉर्डरवर घ्यायचीही परवानगी मागा. मात्र घर बंद असेल आणि आत जुन्या मूर्ती किंवा पितळी सामान दिसत असेल, तर तो फोटो सार्वजनिक करताना फक्त गावाचं नाव लिहा.

लोकेशनचा उपयोग किती होतो याचं चांगलं उदाहरण म्हणजे बारवा. गेल्या काही वर्षांत हौशी लोकांनी राज्यभरातल्या शेकडो बारवा शोधून गूगल मॅप्सवर नोंदवल्या. त्यामुळे झाडाझुडपात हरवलेल्या बारवेपर्यंत दुसऱ्या गावचा माणूसही पोहोचू लागला.

लोणार: इथे तारीख आणि रंग महत्त्वाचा

लोणारचं विवर बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालं आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. एवढं मोठं दृश्य फोनमध्ये घेताना आपण पॅनोरमा वापरतो. पॅनोरमा दिसतो छान, पण गोल काठ वाकडा करतो. नोंदीसाठी मी एकाच जागी उभं राहून एकमेकांवर थोडे चढतील असे चार-पाच साधे फोटो घेतो.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते तुम्हाला आठवत असेल. फोटो फॉरवर्ड व्हायला लागले तेव्हा अनेकांना ते एडिट केलेले वाटले. पण नासाच्या उपग्रहाने २५ मे आणि १० जून या दोन तारखांना घेतलेली चित्रं शेजारी ठेवली की रंगातला बदल स्पष्ट दिसत होता. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला.

यातून आपल्याला काय शिकायचं? उपग्रहाच्या चित्रावर तारीख होती, जागा होती आणि रंग कुणी ‘सुंदर’ केलेला नव्हता. आपला फोन मात्र रंग स्वतःच ठरवतो. ऑटो व्हाइट बॅलन्स फ्रेममध्ये एकच रंग जास्त दिसला की तो दाबायला बघतो. उलट ‘एआय सीन’ सुरू असेल तर झाडं जास्त हिरवी आणि पाणी जास्त निळं होतं. खरा रंग नोंदवायचा असेल तर:

- एआय सीन आणि फिल्टर बंद ठेवा.
- प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर लॉक करा.
- एका फोटोत पांढरा कागद धरा. नंतर रंग तपासायला तो आधार होतो.
- पुन्हा गेलात तर त्याच जागेवरून, तीच फ्रेम घ्या. जुना फोटो उघडून काठावरचं एखादं देऊळ किंवा मोठं झाड जुळवा.

एकाच जागेचे पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की पाणी किती वर आलं, काठावरची झाडी किती बदलली, हे तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

वन्यजीव: इथे पत्ता काढाच

बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. क्षेत्रफळ सुमारे २०५ चौरस किलोमीटर. इथे अस्वल, बिबट्या, तडस, रोही, चौसिंगा, मोर असं बरंच काही आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे आला आणि ज्ञानगंगेचं नाव देशभर गेलं. त्या कॉलरमुळे वाघाची जागा कळत होती, पण ती शास्त्रज्ञांना आणि वनविभागाला. ती माहिती प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर आली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

वाघ राहू द्या, साधं मांडूळ घ्या. हा बिनविषारी, निरुपद्रवी साप. पण गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी होते आणि दर काही दिवसांनी अशा कारवाईची बातमी आपण वाचतो. घुबडाचं तेच, खवले मांजराचं तेच. अशा प्राण्याच्या फोटोत ११ मीटरपर्यंत नेमकी जागा लिहिलेली असेल, तर आपण शिकाऱ्याला घरबसल्या रस्ता दाखवतो. घरट्याच्या फोटोमुळे शिकारी आले नाहीत तरी फोटो काढणाऱ्यांची गर्दी येते, आणि पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात.

लोकेशन काढायचं कसं?

- जंगलात जाण्याआधीच कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा असं जाऊन ‘नेव्हर’ निवडा.
- फोटो आधीच काढला असेल तर आयफोनमध्ये शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ दाबून लोकेशन बंद करता येतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये गॅलरीतल्या डिटेल्समध्ये ‘एडिट’ केलं की लोकेशन काढता येतं.
- काहीच सापडलं नाही तर फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो शेअर करा. मूळ फोटोचं लोकेशन त्यात येत नाही.
- कॅप्शन आणि मागचं दृश्य तपासा. धरणाची भिंत, रस्त्याचा किलोमीटर दगड किंवा गावाची पाटी दिसत असेल तर डेटा काढून उपयोग काय?
- त्याच दिवशी पोस्ट करू नका. काही दिवस जाऊ द्या.

शास्त्रीय नोंद करायची असेल तर आयनॅचरलिस्ट ॲप चांगलं आहे. धोक्यातल्या प्रजातींची जागा ते आपोआप झाकतं. खरी जागा न दाखवता साधारण २० ते २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी एक बिंदू दाखवतं. इतर प्राण्यांसाठीही नोंद करताना ‘ऑब्स्क्युअर्ड’ हा पर्याय निवडता येतो.

एकाच ठिकाणी मात्र नेमकी जागा द्यायची असते, ती म्हणजे वनविभाग. गावाजवळ बिबट्या किंवा अस्वल दिसलं, प्राणी जखमी असेल किंवा शिकारीचा संशय असेल तर १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. तिथे अचूक लोकेशनच लागतं.

फोटो काढतानाचं एक सांगतो. फोनचा दहा-वीस पट झूम म्हणजे बहुतेक वेळा चित्र कापून मोठं करणं आणि उरलेलं सॉफ्टवेअरने अंदाजाने भरणं. केस, पिसं असं बारीक काही त्यात खरं असेलच असं नाही. म्हणून झूम कमी करा, प्राणी फ्रेममध्ये लहान दिसू द्या आणि तो जिथे राहतो ते जंगलही येऊ द्या. जवळ जायचा मोह टाळा. अचानक समोर आलेल्या माणसावर अस्वल हल्ला करतं, पिल्लं सोबत असतील तर जास्तच. प्राणी दिसलाच नाही तर पाऊलखुणेचा फोटो घ्या, शेजारी तेच दहा रुपयांचं नाणं ठेवून.

व्हॉट्सॲपचं काय?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातलं लोकेशन निघून जातं. एचडी निवडलं तरी तो मूळ फोटो राहत नाही. पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर लोकेशनसकट सगळं जसंच्या तसं जातं.

म्हणजे वाड्याचा फोटो मित्राला किंवा अभ्यासकाला द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून द्या. अस्वलाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून कधीच पाठवू नका. आणखी एक, ज्या फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं असतात ती व्हॉट्सॲपमधून आलेली असते. तिच्या नावातली तारीख व्हॉट्सॲपने फाइल सेव्ह केल्याची असते, फोटो काढल्याची असेलच असं नाही. ‘लोणार आज पुन्हा गुलाबी’ असा फोटो आला तर एवढं तरी आठवा.

मूळ फोटो जपायचे असतील तर गूगल फोटोजमध्ये बॅकअप ‘ओरिजिनल क्वालिटी’वर ठेवा. मोफत जागा १५ जीबीच असते, त्यामुळे वाड्यांचे फोटो एखाद्या पेनड्राइव्हवरही कॉपी करून ठेवा. सगळ्यांसाठी खुले करायचे असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर टाका. तिथे मूळ फाइल, तारीख आणि लोकेशन टिकतं. फक्त टाकण्याआधी लक्षात घ्या की तिथला फोटो कुणीही तुमचं नाव देऊन वापरू शकतो.

आता एक काम करा. तुमच्या गॅलरीत गावाकडचे फोटो असतीलच. त्यातला एखाद्या जुन्या घराचा फोटो उघडा, वर स्वाइप करा आणि लोकेशन आहे का बघा. नसेल तर डिस्क्रिप्शनमध्ये गावाचं आणि गल्लीचं नाव लिहून टाका. मग एखाद्या प्राण्याचा फोटो उघडा. तिथे नकाशा दिसला, तर कुणाला पाठवण्याआधी तो काढून टाका.